श्राव्य ग्रंथांचा सामाईक संग्रह आणि पाठाचा प्रश्न : खानदेशापुरता विचार

ज्याला आपण इंग्रजीच्या अनुकरणाने ‘ऑडिओबुक’ म्हणतो त्याला मराठीत अद्याप एकच एक नाव रूढ झालेले नाही. कोणी ‘बोलके पुस्तक’ म्हणतात, कोणी ‘ध्वनिपुस्तक’, तर कोणी ‘श्राव्य पुस्तक’. प्रस्तुत लेखात ‘श्राव्य ग्रंथ’ ही संज्ञा योजिली आहे. ‘बोलके पुस्तक’ या शब्दप्रयोगात पुस्तकच बोलत असल्याचा जो भास होतो तो टाळावा, एवढाच त्यामागील हेतू. पुस्तक बोलत नाही. कोणी एक माणूस, कोठल्या तरी एका गावचा, विशिष्ट वळणाच्या उच्चाराचा, ते वाचून दाखवीत असतो. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा निर्देश करणेही अनेकांस अनावश्यक वाटेल. तथापि सार्वजनिक ग्रंथालयांनी एकत्र येऊन, सभासदांस घरबसल्या उतरवून घेता येतील अशा श्राव्य ग्रंथांचा सामाईक संग्रह उभारावयाचा म्हटले की अडचणीस याच उघड गोष्टीपासून प्रारंभ होतो. जळगाव व धुळे हे दोन जिल्हे डोळ्यांपुढे ठेवून ते येथे दाखवावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या पदव्युत्तर वर्गात एक अंध विद्यार्थी होता. नेमलेल्या पुस्तकांपैकी एक त्याच्यासाठी वर्गमित्रांनी पाळीपाळीने भ्रमणध्वनीवर वाचून मुद्रित केले. हे काम चार महिने चालले. पुढे परीक्षेच्या कामानिमित्त धुळ्यास गेलो असता तेथील एका सहकाऱ्याने मोठ्या उत्साहाने सांगितले की, त्यांच्याकडेही एका विद्यार्थिनीसाठी तेच पुस्तक, त्याच वर्षी, असेच मुद्रित झाले आहे. दोन्ही मुद्रणे आम्ही शेजारी ठेवून ऐकली. जळगावच्या मुद्रणात एक प्रकरण गळले होते. ते ज्याने वाचावयाचे तो आजारी पडला आणि नंतर कोणास त्याची आठवण राहिली नाही. धुळ्याच्या मुद्रणात प्रकरणे सर्व होती, पण पहिली काही पाने पंख्याच्या घरघरीत बुडाली होती, आणि तळटीपा वाचणाऱ्याने त्या तशाच, काही सूचना न देता, मजकुराच्या मध्ये वाचून टाकल्या होत्या. आमच्या विद्यार्थ्याने अर्धा अभ्यास या पाठावरून व अर्धा त्या पाठावरून करून परीक्षा दिली. एरंडोल-पारोळ्याच्या एकाच रस्त्यावरील, सुमारे ९० किलोमीटर अंतरावरच्या दोन गावी दुप्पट श्रम झाले आणि धड असा एक ग्रंथ सिद्ध झाला नाही. आज त्या दोन्हींपैकी एकही मुद्रण उपलब्ध नाही; ज्या भ्रमणध्वनींत ती होती ते केव्हाच बदलले गेले.

वरील हकिकतीत मी ‘पाठ’ हा शब्द वापरला तो सहज नव्हे. मराठीत ‘पाठ’ म्हणजे वाचन. ‘पाठ’ म्हणजे मुखोद्गत केलेले. आणि ‘पाठ’ म्हणजे हस्तलिखितातील शब्दांचे विशिष्ट रूप, ज्यावरून ‘पाठभेद’ हा शब्द आला. या तिन्ही अर्थांचा मेळ श्राव्य ग्रंथात पडतो. ‘उतरवून घेणे’ या क्रियापदाचीही तीच गोष्ट. संगणकाच्या परिभाषेतील ‘डाउनलोड’ला हा प्रतिशब्द आज आपण वापरतो, पण पोथी उतरवून घेणे हा आपला जुनाच व्यवहार आहे. मठामठांतून पोथ्या जात, उतरवल्या जात, परत येत. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमाने जी रामदासी बाडे जमा झाली ती अशाच देवघेवीची साक्ष होय. त्या व्यवहाराने ग्रंथ टिकले आणि पाठभेदही वाढले. पोथी एकाने वाचावी आणि दहांनी ऐकावी ही रीत तर खानदेशातील ओसरीवर कालपरवापर्यंत चालू होती. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवेचन श्रवणापासूनच सुरू होते. तेव्हा श्राव्य ग्रंथ ही पाश्चात्त्यांनी दिलेली अपूर्वाई आहे असे मानण्याचे कारण नाही. नवीन आहे ती एवढीच गोष्ट की, ओसरीवरचा तो वाचक आता श्रोत्यापासून वेगळा काढता येतो व दूर पाठविता येतो.

असा वेगळा काढलेला आवाज अनेक ग्रंथालयांनी मिळून वापरण्याची कल्पना मात्र अंधांच्या गरजेतून आली. अमेरिकेत १९३१ मध्ये झालेल्या कायद्यान्वये तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयाने प्रौढ अंधांसाठी पुस्तके पुरविण्याचे काम अंगावर घेतले, आणि १९३४ पासून ग्रामोफोनच्या तबकड्यांवरील पुस्तके प्रादेशिक ग्रंथालयांमार्फत वाटली जाऊ लागली. एका ठिकाणी मुद्रण, अनेक ठिकाणांहून वाटप, हे सूत्र तेव्हाच ठरले. तबकडीमागून फीत आली, फितीमागून संगणकीय ध्वनी आला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डेझी संघाने श्राव्य ग्रंथाची जी प्रमाण रचना ठरविली तिच्यात प्रकरण, पोटप्रकरण, पृष्ठ यांच्या खुणा ध्वनीतच गुंफलेल्या असतात. त्यामुळे ऐकणाऱ्यास थेट १३२ व्या पृष्ठावर जाता येते. ज्याने कधी संदर्भग्रंथ ऐकून अभ्यास केला आहे त्यालाच या सोयीचे मोल कळेल. कादंबरी सलग ऐकता येते. व्याकरण सलग ऐकता येत नाही.

आपल्याकडे या प्रकारचा सर्वांत मोठा सहकारी उपक्रम म्हणजे ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’. केंद्र शासनाचा दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया व टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी तो उभारला. देशभरच्या सदस्य संस्थांनी तयार केलेली सुलभ स्वरूपातील पुस्तके एका सूचीत येतात आणि नोंदणीकृत वाचकास उतरवून घेता येतात. एका संस्थेने केलेले काम दुसरीने पुन्हा करू नये हाच त्याचा मुख्य लाभ. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत जे घडले ते टळावे म्हणून अशीच सूची हवी होती. या उपक्रमास आधार मिळाला तो १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीचा. तिच्यामुळे कलम ५२ मध्ये अशी तरतूद आली की, दिव्यांग व्यक्तींसाठी कोणत्याही कृतीची सुलभ स्वरूपातील प्रत, नफा न घेता, लेखक-प्रकाशकाची परवानगी नसतानाही करता येते. मात्र प्रत करणाऱ्या संस्थेने ती दिव्यांगांच्याच वापरात राहील व बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यावयाची. २०१३ मध्ये माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ मध्ये त्यास अनुसमर्थन देणारे पहिले राष्ट्र भारत होते, आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आला. त्यामुळे अशा प्रती देशोदेशींच्या मान्य संस्थांमध्ये पाठविता येतात.

या तरतुदीची मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. कायद्याने अंधत्व ओळखले, अल्पदृष्टी ओळखली, मुद्रित मजकूर वाचण्यास अडथळा करणारी इतर अपंगत्वेही ओळखली. निरक्षरता ओळखली नाही. जिला अक्षर येत नाही पण जिचे कान शाबूत आहेत अशी शेतमजूर बाई या कलमाखाली श्रोता ठरत नाही. ज्यांच्या नावाने आज जळगावचे विद्यापीठ ओळखले जाते त्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आजच्या कायद्यापुढे त्या उभ्या राहिल्या असत्या तर या संग्रहातील एकही पुस्तक त्यांना ऐकावयास देता आले नसते. ही थट्टा नव्हे. सार्वजनिक ग्रंथालय सर्वांसाठी असते. तेव्हा केवळ या कलमाच्या आधारावर सार्वजनिक ग्रंथालयांचा सामाईक संग्रह उभा राहू शकत नाही, एवढेच त्यातून दाखवावयाचे आहे.

मग सर्वसाधारण सभासदांसाठी काय? येथे छापील ग्रंथ आणि उतरवून घ्यावयाचा श्राव्य ग्रंथ यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. ग्रंथालयाने पुस्तक विकत घेतले की ती प्रत त्याची झाली. ती कोणास द्यावी, किती वेळा द्यावी, जीर्ण झाल्यावर बांधून घ्यावी की बाद करावी, हे ग्रंथपाल ठरवितो. ध्वनिमुद्रिका किंवा सीडी यांच्या बाबतीतही, ना-नफा ग्रंथालयाने कायदेशीररीत्या मिळविलेली प्रत सभासदांस वापरावयास देणे हे २०१२ च्या दुरुस्तीने ‘व्यापारी भाडे’ या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. पण ध्वनिफाईल उतरवून देणे म्हणजे हातातील प्रत देणे नव्हे. तेथे प्रत्येक देवघेवीत नवी प्रत निर्माण होते, आणि नवी प्रत करण्याचा हक्क मालकाचा. म्हणून अशा ठिकाणी ग्रंथालय पुस्तक विकत घेत नाही, परवाना घेते. परवान्याची मुदत संपली की कपाट रिकामे. बहुतेक परवान्यांत ‘एक प्रत, एक वाचक’ असा निर्बंध असतो. म्हणजे एकाने घेतलेला श्राव्य ग्रंथ तो परत करीपर्यंत दुसऱ्यास मिळत नाही. नाशिकहून २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातील पुस्तकांची पेटी एका वेळी एकाच गावी असू शकते, कारण ती लाकडाची वा पत्र्याची पेटी आहे. ध्वनीला तसे बंधन निसर्गतः नाही. परवान्याने ते कृत्रिमपणे घातले जाते.

एकत्र येण्याने ग्रंथालयांस येथे थोडे बळ मिळते हेही खरे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या ग्रंथालयसंघाचे उदाहरण बोलके आहे. ब्लॅकस्टोन या श्राव्य ग्रंथांच्या प्रकाशनसंस्थेने २०१९ मध्ये नवी पुस्तके ग्रंथालयांस पहिले ९० दिवस न देण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या संघातील ग्रंथालयांनी तिचे श्राव्य ग्रंथ घेणेच काही काळ थांबविले. एकट्या गावच्या वाचनालयाने असे केले असते तर त्याची दखलही घेतली गेली नसती. मराठीत स्टोरीटेलसारख्या संस्था २०१७ पासून आल्या, त्यांनी उत्तम वाचकांकडून पुष्कळ साहित्य मुद्रित करून घेतले, आणि मराठी श्रोता आहे हे सिद्ध केले. परंतु त्यांचा व्यवहार व्यक्तिगत वर्गणीचा. सार्वजनिक वाचनालयाच्या अनामतीवर चालणारा सभासद त्यात कोठे बसत नाही.

सारांश, खानदेशातील ग्रंथालयांस सर्वांसाठी असा संग्रह करावयाचा तर जे हक्कमुक्त आहे तेथून प्रारंभ करावा लागेल. सुदैवाने या प्रदेशाचे स्वतःचे भांडवल या बाबतीत मोठे आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क चालतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेले साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. धरणगावात जन्मलेले बालकवी १९१८ मध्ये गेले. ज्यांनी आपले अखेरचे दिवस धुळ्यास घालविले आणि ज्यांच्या स्मरणार्थ तेथे १९२७ मध्ये संशोधन मंडळ स्थापन झाले ते इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी. फैजपूरला जन्मलेले बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये. त्यांचे हयातीतील लेखन २०१७ पासून मुक्त झाले. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी प्रथम १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. मरणोत्तर प्रकाशनास प्रकाशनवर्षापासून गणना होत असल्याने तेथील मुदत २०१२ च्या अखेरीस संपली. एक सावधगिरी मात्र हवी. त्या पुस्तकास आचार्य अत्रे यांची प्रस्तावना आहे, आणि अत्रे १९६९ मध्ये गेले. म्हणजे गाणी मुक्त, प्रस्तावना २०२९ च्या अखेरपर्यंत नाही. उत्साही स्वयंसेवक पहिल्या पानापासून वाचावयास बसतो आणि नकळत चूक करतो, ती अशी.

येथपर्यंतचा विचार कोणीही ग्रंथालयशास्त्रज्ञ करील. भाषेच्या अभ्यासकाचे काम येथून पुढे आहे.

समजा, बहिणाबाईंची गाणी मुद्रित करावयाची आहेत. वाचणार कोण? छापील पुस्तक हे मुळात एका पाठाचे लेखन आहे. शेतात, घरकामात, जात्यावर जे मुखातून आले ते सोपानदेव व त्यांच्या आप्तांनी टिपून घेतले. लेखनात ‘डोळा’चा ‘डोया’ व ‘शाळा’ची ‘शाया’ असा ळकाराचा यकार टिपता येतो, कारण देवनागरीत त्यासाठी अक्षर आहे. पण ज्यासाठी अक्षर नाही ते टिपले जात नाही. प्रमाण मराठीतही ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोन शब्दांतील जकार भिन्न आहेत आणि लिपी ते भिन्न दाखवीत नाही. जाणता वाचक संदर्भाने ओळखतो. बोलीत अशा अलिखित गोष्टींची संख्या वाढते : स्वरांची दीर्घता, शब्दान्तीचा स्वर, वाक्याची चाल, ओवीत श्वास कोठे घ्यावयाचा ते. पुण्यामुंबईचा कसलेला वाचक यकार बिनचूक उच्चारील आणि तरीही जे ऐकू येईल ते असोद्याचे नसेल. त्याच्या वाचनास मी कमी लेखीत नाही. तोही एक पाठ आहे. मात्र तो कोणता पाठ आहे हे सूचीने सांगितले पाहिजे. ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने त्यावरून लेवागणबोलीचे ध्वनिविज्ञान लिहावयास घेतले तर अनर्थ होईल. अतिशयोक्ती नाही ही. असे प्रबंध तपासण्याचा प्रसंग येऊ शकतो.

अहिराणीच्या बाबतीत प्रश्न आणखी बिकट आहे. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात मराठीसाठी सातवा खंड राखला आणि खानदेशीला मात्र १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल भाषांसमवेत, स्थान दिले. तिचे मूळ नाते गुजरातीशी की मराठीशी यावर तेव्हापासून वाद आहे आणि तो येथे उकरून काढावयाचा नाही. ‘घरमा’, ‘माले’, ‘शे’ ही रूपे ऐकणाऱ्या कोणालाही ती प्रमाण मराठीहून किती निराळी आहे हे कळते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविणारे सुमारे १८ लाख ६० हजार होते. इतक्या लोकांच्या भाषेत छापील ग्रंथ मोजकेच. कथा, म्हणी, लग्नातील व कानबाईच्या उत्सवातील गाणी हे सारे मुखी. म्हणून अहिराणीचा श्राव्य ग्रंथ हा पुष्कळदा कोणत्याही पुस्तकाचे वाचन असणार नाही. तोच मूळ ग्रंथ असेल. धुळे-साक्रीकडील, अमळनेर-पारोळ्याकडील आणि चाळीसगावकडील बोलण्यात फरक आहेत. एका आवाजाला ‘अहिराणी’ अशी चिठ्ठी लावून सोडले तर उरलेल्यांवर अन्याय होतो. आणि सामाईक संग्रहात हा धोका विशेष असतो, कारण सामाईक संग्रहाचा सारा भर ‘एकदा झाले ते पुन्हा नको’ यावर. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत हा नियम योग्य, मुखपरंपरेच्या बाबतीत घातक. पहिल्या बाबतीत दुसरे मुद्रण म्हणजे श्रमांचा अपव्यय. दुसऱ्या बाबतीत दुसरे मुद्रण म्हणजे पाठभेद.

हे सर्व काम यंत्रध्वनीवर सोपवावे असे सुचविले जाते. लिखित मजकूर वाचून दाखविणारी यंत्रे आज पुष्कळ सुधारली आहेत, आणि उद्या परीक्षा आहे व पुस्तक आजच हवे अशा विद्यार्थ्यास त्यांचा मोठा आधार आहे. परंतु यंत्राला बोली शिकवावयाची तर आधी माणसांची मुद्रणे हवीत, आणि ती कोणाची, कोठली, हे माहीत असलेलीच हवीत. म्हणजे आपण पुन्हा त्याच जागी येतो.

तेव्हा सूचीचा प्रश्न. इफ्ला या आंतरराष्ट्रीय ग्रंथालयसंघाच्या १९९८ च्या अहवालाने सूचीकरणासाठी कृती, अभिव्यक्ती, प्रकटीकरण व प्रत अशा चार पायऱ्या वेगळ्या केल्या. ‘श्यामची आई’ ही कृती. अमुक व्यक्तीने केलेले तिचे वाचन ही अभिव्यक्ती. आपल्या भाषेत बोलावयाचे तर दुसरी पायरी म्हणजे पाठ. वाचनालयांच्या दाखल नोंदवहीत आणि नित्याच्या सूचीत नोंद होते ती कृतीची व प्रतीची. मधल्या पायऱ्यांवाचून छापील पुस्तकांचे फारसे अडत नाही. श्राव्य ग्रंथाचे दुसऱ्या पायरीवाचून पदोपदी अडते. म्हणून सामाईक सूचीत एकक पाठ हाच असावा, आणि प्रत्येक पाठाखाली पुढील गोष्टी याव्यात : वाचणाऱ्याचे नाव, बालपण जेथे गेले ते गाव, घरची बोली, वाचन ज्या आवृत्तीवरून केले ती, काय वगळले, तळटीपा कशा वाचल्या, मुद्रणाचे वर्ष, आणि हक्काची स्थिती. यातील वाचकाविषयीचा भाग नवा नाही. राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणात भाषकाविषयी अशा स्वरूपाची माहिती व ध्वनिमुद्रण एकत्र ठेवले आहे. ग्रंथालयांनी त्या पद्धतीचे एक सोपे रूप उचलावे, एवढेच. ही माहिती केवळ सूचीत न ठेवता मुद्रणाच्या अखेरीस वाचकाच्याच आवाजात असावी असे मी सुचवीन. पोथीच्या शेवटी लेखकू आपले नाव, गाव व तिथी लिहीत असे. त्या पुष्पिकेमुळे आज आपण पोथीचा काळ ठरवितो. फाईल सूचीपासून तुटते, नाव बदलून फिरू लागते. आवाजातली पुष्पिका तिच्याबरोबरच जाते.

संग्रह ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न वाटतो तितका खर्चिक नाही. मूळ मुद्रण एका मार्गिकेचे, सीडीच्या प्रतीचे, न दाबलेले ठेवले तर तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट जागा लागते. आठ तासांच्या ग्रंथास अडीच गिगाबाइट. असे ५०० ग्रंथ सव्वा टेराबाइटच्या आसपास, म्हणजे बाजारात सहज मिळणाऱ्या एका तबकसंचात मावतात. त्याच्या तीन प्रती असाव्यात : एक १८७७ पासून चालत आलेल्या जळगावच्या वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालयासारख्या संस्थेत, एक धुळ्यास, आणि तिसरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात. सभासदांस द्यावयाची एमपी-थ्री प्रत सेकंदास ६४ किलोबिट या दराने केली तर तासाला २९ मेगाबाइटांहून कमी भरते, आणि तेच ५०० ग्रंथ ११५ गिगाबाइटांत येतात. याचा अर्थ, चोपडा-यावलच्या सातपुड्याकडील अथवा शिरपूरच्या पलीकडील ज्या गावी जालाचा संपर्क भरवशाचा नाही तेथील वाचनालयास सारा संग्रह नखाएवढ्या एका पत्त्यावर पाठविता येतो, आणि तेथील सभासद तो वाचनालयात येऊन आपल्या भ्रमणध्वनीत उतरवून घेऊ शकतो. पेटी पाठविण्याची जुनी रीत, पण पेटी परत मागण्याची आवश्यकता नाही.

खरी अडचण हिशेबाची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. या कायद्याने ग्रंथालयकर बसविला नाही. लोकांच्या संस्थांनी चालविलेल्या वाचनालयांस वर्गवारीनुसार शासकीय अनुदान, अशी रचना केली. वर्गवारी ठरविताना ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद यांचा विचार होतो. प्रत्येक वाचनालय आपल्या दाखल नोंदवहीतील शेवटचा क्रमांक जपते, आणि ते स्वाभाविक आहे. सामाईक संग्रहातील श्राव्य ग्रंथ कोणाच्या नोंदवहीत चढणार? सर्वांच्या चढविला तर एकाच वस्तूवर अनेकांनी अनुदान मागितल्यासारखे होईल. एकाच्याच चढविला तर उरलेल्यांनी श्रम का करावेत? सहकार्याचे बेत माणसांच्या अनिच्छेने जितके फसतात त्याहून अधिक अशा रकान्यांत अडकून पडतात. माझ्या मते नोंद पाठ करविणाऱ्या वाचनालयाच्या नावे व्हावी आणि इतरांच्या अहवालात ‘सामाईक संग्रहातून दिलेले’ असा देवघेवीचा निराळा रकाना असावा. मग मोठ्या वाचनालयास मुद्रण करण्यात रस राहील, लहानास देण्यात. धुळ्याचे गरुड वाचनालय वा अमळनेरचे साने गुरुजी ग्रंथालय यांसारख्या संस्थांस पाठ करविणे अवघड नाही. शांत खोली, बरा ध्वनिग्राहक आणि दुपारी मोकळे असलेले निवृत्त शिक्षक या तिन्ही गोष्टी तेथे मिळू शकतात.

वाचकाच्या हक्काकडे मात्र दुर्लक्ष होऊ नये. मूळ ग्रंथ मुक्त असला तरी त्याचे नवे मुद्रण मुक्त नसते. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे ते करविणाऱ्याकडे राहतो आणि वाचणाऱ्यालाही सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क असतात. निवृत्त शिक्षकाने हौसेने वाचून दिले म्हणजे सारे आले असे नाही. मुद्रणापूर्वीच एका पानाचे संमतिपत्र घ्यावे. त्यात संग्रहातील सर्व ग्रंथालयांस, पुढे सामील होणाऱ्यांस आणि सुगम्य पुस्तकालयासही प्रत देण्याची मुभा लिहून घ्यावी. अहिराणी कथा सांगणाऱ्या आजीच्या बाबतीत तर हे अधिक जपून करावे लागेल, कारण तेथे सांगणारी हीच ग्रंथकर्ती. तिला संमतिपत्र वाचता येणार नाही. ते तिच्या भाषेत वाचून दाखवावे, आणि तिचा होकार ध्वनीतच नोंदवून ठेवावा.

पहिल्या वर्षी वीस पाठ एवढे उद्दिष्ट पुरे. त्यांत ‘श्यामची आई’चा एक, बहिणाबाईंच्या गाण्यांचे दोन (एक असोदे-भादली परिसरातील वाचिकेचा, एक अन्यत्रच्या अभ्यासू वाचकाचा), बालकवींचा एक, राजवाड्यांच्या निवडक प्रस्तावनांचा एक, अहिराणी कथांचे तीन भागांतील सहा, आणि उरलेले पाठ पदव्युत्तर अभ्यासक्रमातील पुस्तकांचे, त्यांपैकी ज्यांवर हक्क चालू आहेत त्यांचे पाठ कलम ५२ खाली केवळ दिव्यांग विद्यार्थ्यांपुरते. मर्ढेकरांची कविता यादीत आहे. पण जन्माने फैजपूरची आणि वाणीने महानगराची अशी ती कविता कोणाच्या आवाजात मुद्रित करावी, याविषयी आमच्या विभागात अद्याप एकमत झालेले नाही.